फोटोतलं कुंकू

पाथर्डीच्या स्टँडसमोर रसवंती आणि सायकलचं दुकान यांच्या बेचक्यात सूर्यभानचा फोटो स्टुडिओ होता. जागा एका माणसापुरती होती. त्यात सूर्यभान, त्याची बायको रतनबाई, कॅमेऱ्याचं तीन पायांचं तिकाटणं, भिंतीवर रंगवलेला धबधबा आणि गिऱ्हाईक एवढे सगळे मावत. लहान मूल रडायला लागलं की सूर्यभान पडद्यामागं जाऊन स्वतःचा हुंदका आवरायचा, कारण मूल रडलं की त्यालाही भरून यायचं. फोटोवाल्याच्या धंद्याला हा मोठाच दोष. आयुष्यात त्यानं कुणाला ‘हसा’ म्हणून सांगितलं नव्हतं. कॅमेऱ्यामागून डोकं काढून तो समोरच्याकडं असा काही आर्जवी चेहरा करून बघायचा, की फौजदारकीच्या अर्जाला फोटो काढायला आलेला पोरगासुद्धा फिस्सकन हसायचा. मग तो फोटो फुकट जायचा आणि सूर्यभान दुसरा काढायचा.

“आवं, जरा चेहरा सरळ ठेवा की,” रतनबाई म्हणायची. “तुमच्याकडं बघून मानूस हसतंय, अन् रोल आपला जातोय.”

“मग रडवू का त्याला?”

“ते पन तुमाला जमायचं न्हाई. तुमीच आदी रडाल.”

दुकानातली खरी मालकीण रतनबाई होती हे साऱ्या तालुक्याला माहीत होतं. बायकांचा पदर नीट करणं, पुरुषांच्या शर्टाचं वरचं बटण लावणं, मुलांचं नाक पुसणं ही खाती तिच्याकडं. सूर्यभानकडं फक्त बटण दाबायचं खातं. तेही ती “हं, आता” म्हटल्यावर.

अठ्ठ्याण्णव साली या दुकानात कॉम्प्युटर आला. नगरच्या एका दुकानदारानं तो जीपमधून आणला, त्याच्याबरोबर रंगीत फोटो छापायचं यंत्र आणलं, सूर्यभानला अडीच तास शिकवलं आणि जाताना “काही अडलं तर फोन करा” असं सांगून तो गेला. रतनबाईनं दोन्ही यंत्रांना हार घातला. नारळ मात्र बाहेर पायरीवर फोडला, कारण दुकानदारानं पाण्याचा थेंब उडता कामा नये असं बजावलं होतं. पहिला आठवडाभर माणसं चपला बाहेर काढून आत यायची.

युक्ती अशी होती. लग्नाचं शूटिंग करायचा व्हिडिओ कॅमेरा वायरीनं कॉम्प्युटरला जोडायचा. समोर माणूस बसला की पडद्यावर दिसायचा. बरा दिसला की त्याला तिथंच थांबवायचं, मागं हवा तो देखावा लावायचा आणि छापायला सोडायचं. यंत्र घरघर करत, डोक्यापासून सुरुवात करून, बोटबोटभर माणूस बाहेर सोडायचं. पावसाळ्यातल्या भेंडीसारखा रसरशीत रंग! पंधरा मिनिटांत फोटो हातात. एकदा कोरडगावच्या एका आजोबांचा फोटो मिशीपर्यंत आला आणि लाइट गेली. सूर्यभान ओशाळून दुसरा काढतो म्हणाला, तर आजोबा तेवढाच कागद गुंडाळून घेऊन गेले. “ऱ्हाऊ दे,” म्हणाले, “खालचं घरच्यांना म्हाईत हाय.”

दिवाळी झाली आणि कोयते निघाले.

पाथर्डीच्या पूर्वेला बालाघाटाच्या डोंगराकडं जी गावं आहेत, तिथं नवराबायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात. गावात घरं किती हे कुणी विचारत नाही. कोयते किती, असं विचारतात. दिवाळीनंतर मुकादमाचा ट्रक येतो आणि कोयते ऊस तोडायला साखर कारखान्यांकडं निघून जातात ते गुढीपाडव्याच्या पुढंमागं येतात. म्हाताऱ्या आणि त्यांच्या मांडीवरची नातवंडं गावात राहतात. हिंगणवाडीतून त्या साली अकरा कोयते निघाले होते, सगळे एका ट्रकमध्ये, एका टोळीत.

त्यातला एक कोयता सहादेव आणि धनश्रीचा. ट्रक पाथर्डीच्या स्टँडवर डिझेलला थांबला तेव्हा धनश्री खाली उतरली आणि सहादेवला ओढत थेट सूर्यभानच्या दुकानात शिरली. लिंबाएवढं लालभडक कुंकू, नवी पिवळी साडी. सहादेवच्या अंगात निळा शर्ट, घडीच्या रेघा तशाच.

“भाऊ, आमचा दोघांचा रंगीत फोटू काढा. मोठा.”

“काढू की. घाई हाय का?”

“ट्रक हुबा हाय.”

रतनबाई पदर नीट करता करता तिला बोलतं करत होती. धनश्रीची मुलगी मनकर्णा, घरातली मनी, तीन वर्षांची होती. गेल्या साली पाडव्याला ही दोघं घरी आली, तर पोरगी आजीच्या मागं लपली आणि आईला ‘ती बाई’ म्हणाली. आठ दिवस ‘ती बाई’च म्हणत होती.

“आपल्याच पोरीनं बाई म्हनावं!” धनश्री हसत म्हणाली. हसणं पुरतं झालं नाही. “म्हनलं, यंदा भिंतीला आमचं त्वांड लावून जायचं. रोज बघंल. इसरायची न्हाई.”

सूर्यभान तिकाटण्याशी उगाच खुडबुड करू लागला. रतनबाईनं ओळखलं आणि म्हणाली, “हं, आता!”

फोटो असा सुरेख आला की सांगता सोय नाही. मागं देखावा म्हणून सूर्यभाननं दुमजली बंगला आणि गुलाबाची बाग लावली. ऊस तोडायला चाललेली जोडी बंगल्यापुढं उभी राहिलेली बघून ट्रकमधून आणखी एक कोयता उतरला, मग आणखी एक. मुकादम शिव्या देत होता, कोंबड्या कलकलत होत्या, आणि यंत्र घरघर करत एकापाठोपाठ एक नवराबायको बंगल्यापुढं उभं करत होतं. अकरा कोयत्यांचे अकरा फोटो झाले. बारावा ट्रकच्या ड्रायव्हरनं एकट्याचाच काढून घेतला. दुसऱ्या दिवशी हिंगणवाडीच्या जीपमधून काचा, चौकटी करून फोटो ज्याच्या त्याच्या घरी पोचले. आपण आज काहीतरी चांगलं काम केलं, असं त्या रात्री सूर्यभान झोपेतसुद्धा म्हणाला. हे रतनबाईनं सांगितलेलं आहे.

संक्रांत होऊन पंधरा दिवस झाले असतील. दुपारी दुकानाच्या पायरीवर एक म्हातारी येऊन बसली. आत ये म्हटलं तरी येईना. पदराखाली काहीतरी चौकोनी धरलं होतं.

“सहादेवची आई मी. लंकाबाई. हिंगनवाडी.”

“या की मावशी. मनी कशी हाय?”

“मनी बरी हाय.” तिनं पदर बाजूला केला आणि फोटो पुढं केला. “ह्ये बघ, बाबा. कुंकू उतरलं.”

सूर्यभाननं फोटो उजेडात धरला. बंगला होता. बाग होती, फक्त गुलाब कावीळ झाल्यासारखे पिवळे पडले होते. सहादेवचा शर्ट निळाच्या निळा. साडी पिवळीच्या पिवळी. आणि धनश्रीच्या कपाळावर जिथं लिंबाएवढं कुंकू होतं, तिथं पिवळट डाग राहिला होता, तोही आहे म्हटलं तर आहे.

“कुठं लावला हुता मावशी?”

“दारासमूर. उजेडात. पोरीला दिसावा म्हनून. संक्रांतीला बघितलं तर कुंकवाची हळद झाल्याली. म्हनलं, नजर कमी झाली माजी. मग रोज बघाया लागले. रोज जरा जरा जातंय. परवाच्याला गेलंच.”

“आवं मावशी, शाई हाय ती. उन्हानं उडाली. लाल रंग कच्चा निघाला.”

“मग शर्टाचा निळा का न्हाई उडाला?”

“तो... पक्का आसंल.”

“साडी का न्हाई उडाली? बंगला का न्हाई उडाला?” म्हातारी भांडत नव्हती. खरोखर विचारत होती. “एवढ्या फोटूत तुज्या शाईला नेमकं कुंकूच कसं घावलं, बाबा?”

सूर्यभाननं नगरच्या दुकानदाराला फोन लावला. दुकानदार म्हणाला, असं होतं कधीकधी, फोटो उन्हात लावू नका, वाऱ्यावर लावू नका, चुलीच्या धुराजवळ लावू नका. “मग लावायचा कुठं?” सूर्यभाननं विचारलं. दुकानदार म्हणाला, पेटीत ठेवला तर उत्तम.

रतनबाईनं म्हातारीला हाताला धरून आत आणलं, चहा दिला. तेवढ्यात सूर्यभानला वाटलं, आपल्याला मोठा तोडगा सुचला.

“मावशी, असं करा. घरचं कुंकू घ्या, अन् काचेवर, बरूबर कपाळावर, बोटानं लावा रोज.”

रतनबाईनं कपाळावर हात मारला. लंकाबाईच्या हातातली बशी थांबली.

“जित्या मानसाच्या फोटूला कुंकू लावतेत व्हय रे?” ती हलक्या आवाजात म्हणाली. “त्ये गेलेल्या मानसाच्या फोटूला लावतेत.”

सूर्यभाननं जीभ चावली. लंकाबाई बशीकडं बघत बोलू लागली.

“मनीचा आजा गेला तवा मी सव्वीस वर्साची हुते. सहादेव पोटाशी, म्हनून त्या साली मी फडावर गेले न्हवते. ह्यांना तिकडं पान लागलं.”

साप चावला असं तिकडं तोंडानं म्हणत नाहीत, पान लागलं म्हणतात. सूर्यभानला ठाऊक होतं.

“निरोप यायला चार दिस लागले. चार दिस मी सकाळी उठून आरशात बघून कुंकू लावत हुते. दळत हुते, गानी म्हनत हुते. मला काय ठावं? कपाळावरच्या कुंकवाला बी काय ठावं?” तिनं बशी खाली ठेवली. “तवा कुनी सांगितलं न्हाई. आता ह्यो फोटू सांगतोय का काय, म्हनून आले. इस दिस झाले, सहादेवचा निरोप न्हाई. दर आठवड्याला यायचा, मुकादमाच्या मानसाबरूबर. मुकादम बी गावात फिरकंना.”

“काय बी न्हाई मावशी. समदं नीट आसंल.”

“तसंच आसू दे,” म्हातारी म्हणाली आणि फोटो पदराखाली घेऊन निघाली. दारातून वळली. “मनी रोज भाकरीचा तुकडा काचेला लावती. आईच्या तोंडाला. समदी काच त्येलकट केलीय.”

पुढच्या बाजारच्या दिवशी हिंगणवाडीच्या आणखी तिघी जणी आल्या. तिघींच्या घरी फोटो दारासमोर होते आणि तिन्ही सुनांची कपाळं मोकळी झाली होती. आता खरं म्हणजे यात सुटकेचा नि:श्वास टाकायला हरकत नव्हती. एका घरात झालं तर शकुन, चार घरांत झालं म्हणजे शाई. सूर्यभाननं हे हौसेनं समजावून सांगितलं. तिघी एकमेकींकडं बघत राहिल्या. मग त्यातली भागूबाई नावाची एक हळूच म्हणाली, “भाऊ, चौघं बी एकाच ट्रकात हैत.”

हे सूर्यभानच्या डोक्यातच आलं नव्हतं.

त्यानं एसटीडी बूथवरून, टोळी गेली होती त्या कारखान्याच्या ऑफिसला फोन लावला. पलीकडचा कारकून सज्जन होता. त्यानं सांगितलं की कारखान्यावर दोनशे टोळ्या आहेत, आणि पाथर्डीकडच्या प्रत्येक टोळीत निदान तीन सहादेव आहेत. त्यातला कुठला पाहिजे? “पिवळ्या साडीवालीचा,” सूर्यभान घाईत बोलून गेला. पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला.

त्या दिवसापासून सूर्यभानचं कशातच लक्ष लागेना. शकुनबिकुन तो मानत नव्हता. न मानणाऱ्या माणसाची पंचाईत अशी, की त्याला उताराही करता येत नाही. स्टँडवरून उसाचा ट्रक गेला की तो पायरीवर येऊन बघायचा. पेपरातलं अपघाताचं पान आधी वाचायचा. एकदा तर गिऱ्हाईक समोर बसवून तो तसाच उभा राहिला, आणि रतनबाईनं तीनदा “हं, आता” म्हटलं तरी बटण दाबलं गेलं नाही.

“जा बरं तुमी,” शेवटी ती म्हणाली. “डोळ्यानं बघून या. म्हातारीला झोप न्हाई अन् मला तुमच्या सुस्काऱ्यांनी झोप न्हाई.”

“फोटो काढून आणतो. पुरावा पाहिजे म्हातारीला.”

“पुन्यांदा त्या यंत्रातून? पुन्यांदा उडवायला?” तिनं कपाटाच्या तळातून जुना कॅमेरा काढला आणि एक रोल त्याच्या हातात ठेवला. काळापांढरा. वरची मुदत उलटून गेली होती. “ह्यो न्या. ह्यात उडायला रंगच न्हाई. अन् नगरला धाडायला नको, घरीच धुऊ.”

सूर्यभान पहाटेच्या गाडीनं निघाला. पाथर्डी ते नगर, नगरहून शिर्डीच्या गाडीनं भाविकांच्या नारळांच्या पिशव्यांत पाय आखडून पुढं, तिथून गोदावरीकाठच्या कारखान्यापर्यंत. कारखान्यावर कळलं की हिंगणवाडीची टोळी महिन्यापूर्वीच दूरच्या एका शिवारात हलवली आहे. आणि मुकादम? मुकादम पोरीची सोयरीक जमवायला फिरतोय. कुणाच्या हाती निरोप धाडणार? इथवर ऐकल्यावर खरं तर सूर्यभाननं मागं फिरायला हरकत नव्हती. पण त्याला आता स्वतःच्या डोळ्यांवाचून कुणाचा भरवसा वाटत नव्हता. एका बैलगाडीवाल्याच्या शेजारी बसून तो त्या शिवाराकडं निघाला.

दुपार कलली होती. बांधावरून एक बाई डोक्यावर उसाची मोळी घेऊन येत होती. मळलेला सदरा साडीवर चढवलेला, डोक्याला फडकं. जवळ आली. धनश्री! सूर्यभान गाडीतून उतरला आणि पहिल्यांदा काय बघितलं असेल, तर कपाळ.

कपाळावर कुंकू नव्हतं.

सूर्यभान बांधावर मटकन बसला. धनश्रीनं मोळी टाकली आणि धावत आली.

“आगं बया, फोटूवालं भाऊ! तुमी हितं? काय झालं? मनी बरी हाय न्हवं? आवं बोला की!”

“सहादेव...” सूर्यभान एवढंच म्हणाला.

“काय झालं सहादेवला?” म्हणत सहादेवच मागून आला, डोक्यावर बायकोच्यापेक्षा मोठी मोळी घेऊन. पंधरा दिवसांची दाढी, हाताला चिरा, पण माणूस सगळाच्या सगळा होता.

सूर्यभाननं धनश्रीच्या कपाळाकडं बोट केलं. तिनं हात लावून बघितला.

“घामानं जातं की. दिसातनं दोनदा लावावं लागतं. कोपीवर जाऊन लावते. त्येचं काय?”

मग सूर्यभाननं सगळं सांगितलं. उडालेली शाई, चार घरं, एक ट्रक. टोळी भोवती जमली होती. सहादेव आधी पोट धरून हसला. “म्हंजे तुमच्या यंत्रानं आमा समद्यांना मारलंच म्हना की, भाऊ!” टोळीतला प्रत्येक नवरा आपापल्या बायकोला विचारू लागला, मी हाय का गं? एक जण तर चिमटा काढून घेत होता. सूर्यभानलाही हसू आलं. हसता हसता त्यानं लंकाबाईचे चार दिवस सांगितले, आणि सहादेवचं हसणं तिथंच थांबलं. तो कोयत्याची धार अंगठ्यानं चाचपत राहिला.

“आई कदी बोलली न्हाई ह्ये,” तो म्हणाला. “मला बी न्हाई.”

धनश्रीला वेगळंच विचारायचं होतं. ती कडेनं आली.

“मनी फोटू बघती का भाऊ?”

“बघती म्हंजे? रोज भाकरीचा तुकडा तुझ्या तोंडाला लावती. काचेला. समदी काच तेलकट केलीय म्हणे.”

धनश्री पाठ फिरवून मोळी बांधलेला वेठ पुन्हा आवळू लागली. तो चांगला आवळलेलाच होता.

फोटो काढायची वेळ आली तेव्हा सहादेव शर्ट बदलायला कोपीकडं, त्यांच्या पाचटाच्या झोपडीकडं, पळाला. “आसू द्या हाय तसं,” धनश्रीनं त्याला ओढून आणलं. “सासूबाईंनी बंगला बघितलाय. आता आमाला बघू द्या.” मात्र कोपीवरून ती कुंकवाचा करंडा घेऊन आली आणि अकराही जणींनी एकमेकींची कपाळं भरली, घाम पुसून, चांगली ठसठशीत. बावीस माणसं उसाच्या फडापुढं उभी राहिली, हातात कोयते घेऊन. सूर्यभाननं कॅमेऱ्यामागून डोकं काढलं. “हं, आता” म्हणायला कुणी नव्हतं. त्यानं आयुष्यात पहिल्यांदा आपल्या मनानं बटण दाबलं. मग भीती वाटून आणखी पाचदा दाबलं.

निघताना सहादेवनं निरोप दिला. “आईला म्हनावं, करडू इकू नकू. मी आल्यावर बघू. अन् म्हनावं... काय न्हाई, एवढंच म्हनावं.”

रोल घरीच, मोरीत धुतला. रतनबाईनं लाल बल्ब लावला आणि कागद ताटलीतल्या औषधाच्या पाण्यात हलवू लागली. पांढऱ्या कागदातून आधी उसाची पानं वर आली, मग कोयते, मग चेहरे. कपाळावर एकेक काळा ठिपका उमटला तशी ती मोठ्यानं मोजू लागली. अकरा झाल्यावर म्हणाली, “अन् बाप्ये पन मोजते, थांबा.”

दुसऱ्या दिवशी सकाळच्या जीपनं सूर्यभान हिंगणवाडीला गेला. लंकाबाई दारातच उभी होती. तिनं हातातल्या पाकिटाकडं बघितलं नाही. सूर्यभानच्या तोंडाकडं बघितलं, कितीतरी वेळ. त्याचा तो आर्जवी चेहरा आज कधी नव्हे तो उपयोगी पडला. म्हातारी खाली बसली.

“दाव.”

भागूबाई आणि बाकीच्या आल्या. फोटो ओसरीवर मांडला गेला. प्रत्येकीनं आपापला मुलगा शोधला, मग सून, मग सुनेचं कपाळ, आणि मग कुठं एकमेकींच्या मुलांना नावं ठेवायला सुरुवात झाली.

“तुजा सदा बघ की, दोरीवानी झालाय.”

“अन् तुज्या सुनंनं पदर कसा घेतलाय, बाई बाई!”

लंकाबाई शेवटी फोटो हातात घेऊन बसली. कुंकवाच्या ठिपक्याखाली नख ठेवलं.

“काळं कसं?”

“काळ्यापांढऱ्यात लाल काळंच दिसतं, मावशी. ह्याला ऊन लागत न्हाई. वीस वर्सं लावा दारात.”

“ह्यो दिवाळीचा तर न्हाई?”

“दिवाळीत सहादेवला दाढी हुती का?”

तिनं दाढी निरखून बघितली. डोळे बारीक करून परत बघितली.

“काय म्हनला?”

“करडू इकू नका म्हनला.”

“व्हय. त्योच हाय,” लंकाबाई म्हणाली. “त्याच्याबिगर त्या करडाची काळजी हाय कुनाला!” आणि पदर तोंडाला लावून ती हसली. खांदे हलत होते ते हसण्यानंच की काय, हे सूर्यभाननं बघितलं नाही. तो मनीला फोटो दाखवत होता. मनीनं बंगल्यावाल्या आईकडं एकदा बघितलं, फडक्यावाल्या आईकडं एकदा बघितलं, आणि ठरवून टाकलं की दोघींना भाकर द्यावी लागणार.

जेवल्याशिवाय लंकाबाई सोडेना. बाजरीची भाकरी, ठेचा, वर शेंगदाण्याचं तेल. “सहादेव रोडावलाय,” ती वाढता वाढता म्हणत होती. “आता आल्यावर एक म्हयना त्याला हालू द्यायची न्हाई. खा तू. अजून अर्दी घे.” सूर्यभान मान खाली घालून खात होता. अर्ध्या भाकरीत बोलणं थांबलं. त्यानं वर बघितलं तर म्हातारी खांबाला टेकून बसल्या जागी झोपली होती. तोंड किंचित उघडं, हात सैल. मनी तिच्या मांडीवर आडवी, आणि फोटो दोघींच्या मधे.

संक्रांतीपासून ती किती झोपली असेल, याचा हिशेब करायला सूर्यभान धजला नाही.

बाहेर जीपनं हॉर्न दिला. पाथर्डीला जायची दुपारची तेवढीच जीप. सूर्यभाननं ताट सरकवलं, तर ते फरशीवर कुरकुरलं आणि म्हातारीची पापणी हलली. त्यानं हात मागं घेतला. एक कोंबडी ताटाकडं येत होती, तिला त्यानं नुसत्या डोळ्यांनी दटावून बघितलं. कोंबडीनं मानलं नाही. दुसरा हॉर्न झाला. मग जीप गेली.

उष्टा हात कोपरापासून वर धरून, तो वाळेपर्यंत आणि वाळल्यावरही, सूर्यभान हलला नाही.